बावीस अंशांपर्यंत भय नाही

देवळी
रविवार, १२ जानेवारी १९५८

आदरणीय डॉक्टर हिवरे सर,

प्रेमदास ताकसांडेचा नमस्कार. जुलैपासून तुमची दोन पत्रे आली आणि मी एकाचेही उत्तर दिले नाही. कच्च्या कागदावर त्याचे कारण लिहिले होते, पक्क्या कागदावर उतरवताना ते गाळले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील साहाय्यकाच्या जागेसाठी तुम्ही माझे नाव दिलेत, हे मी विसरलेलो नाही.

आज कामासाठी लिहितो. तुम्ही पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झालात ही बातमी येथे सर्वांना कळली आहे. शाळेचे हेडमास्तर अण्णाजी यांनी समिती केली असून रविवार, २ मार्चला शाळेच्या पटांगणात तुमचा सत्कार आहे. मानपत्र मी लिहावे असे ठरले. अण्णाजी म्हणाले, "तुह्यासारखं ऱ्हस्व-दीर्घ अख्ख्या तालुक्यात कोणाचं नाई. सातवी शिकला, पन लिवतो बी.ए.वानी." मी आठवीत तीन महिने बसलो होतो, हे त्यांना सांगितले.

मानपत्रात चुकीचे काही जाऊ नये म्हणून विचारतो. शाळेच्या दाखल्यात तुमचे जन्मवर्ष १९११ आहे. तुमच्या वहिनी कुसुमबाई म्हणतात, "पटकीची साथ गेली त्याच्या दुसऱ्या वर्सी." कोणते धरू? वर्ध्याच्या शाळेत तुम्ही देवळीहून रोज पायी जात होता असे अण्णाजींच्या भाषणात आहे. अकरा मैल जाऊन अकरा मैल परत येणे मला कठीण वाटते. विलायतेहून डॉक्टर होऊन आलात ते ३८ साली की ३९? यंत्रांची पेटी घेऊन तुम्ही रविवारी ज्या खेड्यांत प्रयोग दाखवता, त्यांची संख्या अण्णाजी "शेकडो" लिही म्हणतात. माझ्याकडे चौऱ्याऐंशी गावांची नावे आहेत. मास्तरांच्या उन्हाळी वर्गांचे मात्र मी मोजून काढले आहे. पाच वर्गांत दोनशे सात मास्तर बाटल्या, आरसे आणि सायकलच्या तारा यांची यंत्रे करायला शिकले. ते तसेच लिहितो.

एक परिच्छेद राहिला आहे. त्याची सुरुवात अशी केली: "जिनात कापसातून सरकी निघताना कोरड्या हवेत रुईवर वीज साचते आणि तिच्या ठिणगीने आग लागू शकते, हे डॉक्टरांनी दाखवून दिले. तोपर्यंत प्रत्येक आग मजुराच्या बिडीवर लिहिली जाई." पुढे जमलेले नाही.

आमच्या जिनात बुधवारी, ८ तारखेला दुपारी रुईच्या ढिगाला आग लागली. लवकर विझली. रुई ओढणाऱ्या श्रावणचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. त्याला कामावरून काढले आहे.

आपला आज्ञाधारक,
प्रेमदास बाबाराव ताकसांडे


देवळी
बुधवार, २२ जानेवारी १९५८

आदरणीय सर,

तुमचे कार्ड शनिवारी मिळाले. जन्मवर्ष १९११, विलायतेहून परत १९३९, आणि वर्ध्याला सोमवारी जाऊन शनिवारी परत, असे दुरुस्त केले. अण्णाजींना "रोज" सोडवत नव्हते. "रोज म्हटल्याबिगर टाळी कशी पडन?" असे ते म्हणाले.

तुम्ही लिहिता, "बाकीचे विसरलास तरी चालेल, आगीचे काम सर्वांत वर लिही. विलायतेत जमले नाही ते मला देवळीच्या जिनात, तुझ्या रजिस्टरावर जमले." हे वाक्य मी सहा वेळा वाचले आहे.

आगीविषयी तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही दिलेले दोन्ही तापमापक, कोरडा आणि ओल्या फडक्याचा, ज्यांचे आकडे मी तुमच्यासाठी रजिस्टरात लिहीत असे, अजून मी कपाशीचे वजन लिहितो त्या काट्याच्या खोलीबाहेर टांगलेले आहेत. त्या दिवशी दोन वाजता कोरड्याचा आकडा ८५ फॅरनहाइट आणि ओल्याचा ६५ होता. फरक वीस; फरक वाढेल तशी हवा कोरडी. अडीच वाजता श्रावण रुई ओढत असताना ढिगात ठिणगी पडली. मॅनेजर बापूराव आले. भिंतीवर तुमचे छापील पत्रक डकवलेले आहे, जे तुम्ही सगळ्या जिनांना पाठवले. त्यावर त्यांनी बोट ठेवले आणि सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "काय छापलं हाये? दोन आकड्यांतला फरक बावीस अंशांपर्यंत, भय नाही. आज किती हाये? वीस. मंग करंट कुठून आला? बिडीतून आला. डाक्टर सायबाचाच कागद हाये बाप्पा, माह्या घरचा नाई."

फिटर नत्थूजी मिस्त्री म्हणाले, "श्रावण बिडी पेत नाई, मालक." बापूराव म्हणाले, "मंग तुम्ही पेत असान." नत्थूजी पितात, म्हणून ते यंत्राकडे परतले.

काल श्रावण माझ्या घरी आला. हात केळीच्या पानात बांधलेला होता. त्याला वाचता येत नाही. म्हणाला, "प्रेमदास, तो कागद मले पुरा वाचून दाखव ना बा. त्यात माह्यावानी माणसासाठी बी काई लिवलं असन." मी वाचून दाखवला. बावीसची ओळ आली तेव्हा तीही वाचली. त्याने त्या ओळीवर बोट ठेवून पाहिले. मग म्हणाला, "बिडी सोडून मले सहा वर्स झाले. बायको गेली तवा सोडली. पन डाक्टर सायबानं मोजून लिवलं म्हंजे खरंच असन. मंग माह्याच हातून काई झालं असन. काय झालं तेच ध्यानात येऊन नाई राह्यलं."

माझी आई जिजाबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "प्रेमदास, तू काऊन बोलत नाईस काई? तू तं तेच मोजत होता ना?"

मी श्रावणला चहा दिला.

तो परिच्छेद अजून पुरा झालेला नाही.

आपला,
प्रेमदास


देवळी
रविवार, २ फेब्रुवारी १९५८

आदरणीय सर,

सविनय जयभीम. हे पत्र मी कच्चे लिहिलेले नाही. एकदाच लिहून टपालपेटीत टाकणार आहे, म्हणून खाडाखोड दिसल्यास क्षमा असावी.

पत्रकातला बावीस हा आकडा चुकीचा आहे. तो तुमच्या गणितामुळे चुकलेला नाही, माझ्यामुळे चुकला आहे. ५६ सालच्या डिसेंबरातील ७, ८, ९ आणि १० या चार दिवसांचे आकडे मी घेतले नव्हते. ते मी ११ तारखेला काट्याच्या खोलीत बसून मनाने लिहिले.

६ तारखेच्या संध्याकाळी मोहल्ल्यात बातमी आली की बाबासाहेब गेले. ७ला पहाटे आम्ही चौदा जण निघालो. बापूरावांनी रजा दिली नसती म्हणून मी मागितली नाही. वर्ध्याच्या फलाटावर उभे राहायला जागा नव्हती. दोन गाड्या सोडून तिसरीत शिरलो. मुंबईला पोहोचलो तेव्हा सर्व होऊन गेले होते आणि लोक परत येत होते. आम्ही तेथेच बसून राहिलो. दहाच्या रात्री घरी आलो.

रजिस्टर उघडले तर आठ ओळी रिकाम्या होत्या, सकाळच्या चार आणि दुपारच्या चार. मला वाटले, त्या पाहून तुम्ही विचाराल, मग बापूराव विचारतील, आणि म्हणतील की यांच्या माणसावर काम सोपवले की असे होते. तेव्हा आमच्या दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. येथे सगळे आमच्याकडे पाहत होते. मी एकटा चुकलो असतो तर एकट्याचे नाव झाले नसते.

मी कसे लिहिले तेही सांगतो, कारण तुम्हाला दुरुस्तीसाठी ते लागेल. तुम्ही दिलेल्या बरणीतील बेगडाची पाने रुईवरच्या विजेने किती फाकतात तो रकाना मला खऱ्या संशोधनाचा वाटे. त्याला हात लावणे पाप वाटले, म्हणून आधीच्या आठवड्यातील पानांचे आकडे जसेच्या तसे उतरवले. पण सगळेच सारखे दिसू नये म्हणून तापमापकांचे आकडे बदलले. ते नुसते हवेचे आहेत, त्यांनी काय बिघडते, असे मला वाटले. कोरड्याचा थोडा वाढवला, ओल्याचा थोडा कमी केला. त्यामुळे फरक वीस, एकवीस, बावीस असा झाला आणि पाने मात्र शांत राहिली. त्या मोसमात अठरा ते बावीस या दरम्यानच्या ओळी थोड्याच होत्या. त्यांत या आठ माझ्या. तुम्हाला त्यांवरून दिसले की बावीसपर्यंत रुई शांत राहते.

८ डिसेंबरला येथे दिवसभर ढग होते आणि झिमझिम पडत होते. ते मला आईने नंतर सांगितले. माझ्या रजिस्टरात त्या मोसमातली सगळ्यांत कोरडी सकाळ ८ डिसेंबरची आहे.

मागच्या एप्रिलात तुम्ही काट्याच्या खोलीत पेटीवर बसला होता. तुम्ही म्हणालात, "प्रेमदास, हे चार दिवस फार सरळ दिसतात रे." मी म्हणालो, "सर, मीच घेतले आहेत." तुम्ही पान उलटले. पत्रांना उत्तर न देण्याचे कारण हे आहे.

या मोसमात मी नोव्हेंबरापासून रोज दोन्ही वेळा स्वतःसाठी आकडे घेतले आहेत. त्यांची नक्कल सोबत जोडली आहे. फरक अठराच्या वर गेला की पाने फाकतात. एकदाही शांत राहिलेली नाहीत. हे मला नोव्हेंबरअखेर कळले होते आणि आग जानेवारीत लागली. मधले दिवसही तुम्ही माझ्या नावावर धरावेत.

साहाय्यकाच्या जागेवरून माझे नाव काढावे. पण पत्रकाचे लवकर करावे. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, सगळीकडे ते भिंतीवर आहे आणि उन्हे वाढत आहेत.

प्रेमदास ताकसांडे


देवळी
मंगळवार, १८ फेब्रुवारी १९५८

आदरणीय सर,

सविनय जयभीम. तुमचे उत्तर आलेले नाही. ते यावे म्हणून हे लिहीत नाही. येथे मी जे केले ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये, एवढ्यासाठी लिहितो.

मागच्या मंगळवारी दुपारी फरक एकवीस झाला. यंत्रे चालू होती. मी काट्यावरची शाई नेली, भिंतीवरच्या पत्रकातला बावीस खोडला, वर अठरा लिहिले आणि बाजूला सही केली. बापूरावांनी बोलावले.

"तू कोन रे छापील कागदावर लिवनारा? डाक्टर हायेस?"

मी म्हणालो, "आकडा माझाच होता. मी खोटा दिला होता."

"चुकून?"

"नाही. मनाने लिहिला."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "मंग काट्यावर बी मनानंच लिवत असशीन."

मी सांगितले की काट्यावरचा एकही आकडा मनाने लिहिलेला नाही. ते म्हणाले, "हे आता तुह्याशिवाय कोन मानन?"  त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. काट्यावरून मला काढून कपाशीने भरलेली बोंद्रे पाठीवर वाहायला लावले आहे. श्रावणचे विचारले, तर म्हणाले, "डाक्टर सांगन तवा पाहू. तुह्या तोंडावर नाई."

नत्थूजींनी मात्र त्या दिवशी फरशीवर पाणी शिंपडले आणि यंत्राला जमिनीत पुरलेली तांब्याची तार जोडली, तुमच्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे. मग मला म्हणाले, "हरिश्चंद्राजवळ सोडाले राज्य तरी व्हतं, लेका. तुह्याजवळ निस्ता काटा व्हता."

मानपत्र पुरे झाले. आगीच्या परिच्छेदाच्या शेवटी मी असे लिहिले: "या कामातील सुरक्षित मर्यादेचा आकडा चुकीचा ठरला असून तो दुरुस्त होणे बाकी आहे." अण्णाजी वाचून उठून उभे राहिले. म्हणाले, "मानपत्रात कोनी चूक लिवते काय रे? लग्नपत्रिकेत नवरदेवाची मूळव्याध लिवल्यावानी झालं हे." त्यांनी ती ओळ काढायला लावली. मी म्हणालो, ओळ नसेल तर अक्षर दुसऱ्याचे घ्या. आता ते शाळेचे ड्रॉइंग मास्तर लिहीत आहेत. त्यांचा दीर्घ ऊकार चुकतो. तेवढा तुम्ही क्षमा करावा.

प्रेमदास


देवळी
बुधवार, ५ मार्च १९५८

आदरणीय सर,

सविनय जयभीम. रविवारच्या सत्काराचे इतिवृत्त अण्णाजींनी लिहिले आहे. त्यात तुमचे भाषण "डॉक्टरांनी समर्पक उत्तर दिले" एवढेच आहे. मी पटांगणाच्या मागच्या कुंपणापाशी होतो. मला जसे ऐकू आले तसे येथे लिहून ठेवतो. चुकल्यास दुरुस्त करावे.

मानपत्र वाचून झाल्यावर तुम्ही उठलात आणि हार काढून खुर्चीवर ठेवला. तुम्ही म्हणालात, "या कागदात मी जिनातल्या आगीचं कोडं सोडवलं असं लिहिलं आहे. अर्धं सोडवलं. मी छापलेला बावीस हा आकडा खोटा आहे. खरा अठरा आहे. चार दिवसांचे आकडे फार सरळ होते. ते मला दिसलं होतं. मी एकदा विचारलं आणि पुढे गेलो, कारण ते मला हवे तसे होते. माझ्या वर्गातल्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला नापास केलं असतं."

मग तुम्ही विचारलेत, "श्रावण कोण आहे?" तो कडुलिंबाखाली बसला होता. त्याने भाजलेला हात वर केला. तुम्ही म्हणालात, "याची बिडी नव्हती. माझा कागद होता." बापूराव पहिल्या रांगेत होते. लोक त्यांच्याकडे पाहू लागले तेव्हा तेही मागे वळून पाहू लागले, जणू बापूराव मागे कोणी दुसरा आहे.

तुम्ही माझे नाव घेतले नाही. मी ते ऐकायला तयार होतो.

इकडे पुढे काय झाले ते तुम्हाला माहीत नसेल. सोमवारी श्रावणला निरोप गेला. तो मंगळवारी आला, यंत्रापाशी गेला आणि आधी फरशीला हात लावून पाहिला, ओली आहे की नाही. मग कामाला लागला. आकडा माझा होता हे त्याला नत्थूजींकडून कळले होते. दुपारच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "दोन म्हयने मी माह्यावरच वहीम घेऊन राह्यलो, प्रेमदास. सपनात बी बिडीच दिसे मले." मी म्हणालो, तू मला मार. तो म्हणाला, "एका हातानं काय मारू." आम्ही दोघांनी भाकर खाल्ली.

मोटारीच्या थांब्यावर तुम्ही जे मला बोललात तेही लिहून ठेवतो. पेटी वर चढवून झाल्यावर तुम्ही कंडक्टरला थांबायला सांगितलेत आणि म्हणालात, "मी तुह्यावर रागावलेलो आहो, प्रेमदास. जाईन राग, तवा कळवीन." मग म्हणालात, "सात डिसेंबरले माह्या वर्गात अर्धे बाक रिकामे होते. कुठं गेले ते मले ठाऊक होतं. मी हजेरीत गैरहजर लिवलं, अन दुसऱ्या आठवड्यात तो तास पुन्हा घेतला. तूही तसंच लिवतास, तं मी काय केलं असतं?"  मग तुम्हीच म्हणालात, "काई नसतं केलं. चार दिवस उशिरा आकडा काढला असता."

साहाय्यकाच्या जागेवर वर्ध्याच्या मुलाला घेतले हे सांगितलेत. ते योग्य झाले. त्याने मॅट्रिक केले आहे. मोसम संपेपर्यंत दोन वाजताचे आकडे पाठव म्हणालात, ते पाठवीन. काट्याच्या खोलीत मला आता जाता येत नाही, पण तापमापक बाहेरच्या बाजूला आहेत.

प्रेमदास ताकसांडे


देवळी
रविवार, २० एप्रिल १९५८

आदरणीय सर,

सविनय जयभीम. नवीन छापील पत्रके मिळाली. एक भिंतीवर डकवले, एक बापूरावांना दिले, एक श्रावणने मागून घेतले. त्याला वाचता येत नाही, पण अठराचे आकडे तो ओळखू लागला आहे. तापमापक वाचायलाही शिकतो आहे. रोज मला आधी फरक सांगतो आणि मग मी पाहतो. दोनदा चुकला, नऊदा बरोबर आला.

मोसमाचा शेवटचा आठवडा असल्याने कपाशी थोडीच येते. यंत्र दुपारी बंद ठेवतात आणि सकाळी दहापर्यंत चालवतात. हे बापूरावांनी स्वतःहून केले. "डाक्टरानं सांगतलं म्हनून नाई, उन्हानं मानसं काम करत नाई म्हनून," असे ते म्हणतात. त्यामुळे पानांचे आकडे सकाळच्या रुईवर घेतले आहेत आणि तसे शेऱ्यात लिहिले आहे.

तापमापकांचे १२ ते १६ तारखेचे आकडे, दुपारी दोनचे, पुढीलप्रमाणे; १७ पासूनचे पुढच्या पत्रात.

१२ एप्रिल, शनिवार. कोरडा १०४, ओला ७१, फरक ३३.
१३ एप्रिल, रविवार. कोरडा १०५, ओला ७१, फरक ३४.
१४ एप्रिल, सोमवार. घेतले नाहीत. बाबासाहेबांची जयंती होती. मी मिरवणुकीत होतो. श्रावणही कामावर नव्हता.
१५ एप्रिल, मंगळवार. कोरडा १०५, ओला ७२, फरक ३३.
१६ एप्रिल, बुधवार. कोरडा १०६, ओला ७२, फरक ३४.

बापूरावांकडे मी आधी रजा मागितली होती. त्यांनी पगार कापून दिली.

१५ तारखेला मी रजिस्टर लिहीत असताना नत्थूजी मिस्त्री मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "कालचं काऊन रिकामं ठेवलं बे? आदल्या दिवसी चौतीस, आज तेहतीस. मधात काय पंचवीस असन? मांडून टाक ना तेहतीस. साधी गोष्ट हाये."

मी म्हणालो, "काल मी येथे नव्हतो."

प्रेमदास बाबाराव ताकसांडे